रिपोर्ट नॉर्मल, मुरडा मात्र खरा

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावातून एमबीबीएसला लागलेलं पोर पूर्वी नागपूरचं मेडिकल नाहीतर मेयो गाठायचं. २०१६ मध्ये गोंदियाला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, २०२४ मध्ये भंडाऱ्यालाही. घर जवळ आलं, पण तोंडी परीक्षेच्या सकाळी पोटात उठणारा मुरडा त्याने थांबत नाही.

‘नुसतं टेन्शन आहे, पोटाला काही झालेलं नाही.’ हा सगळ्यांत चिवट गैरसमज, आणि भावी डॉक्टरही त्याला बळी पडतात. सोनोग्राफी, रक्ततपासणी नॉर्मल आली की दुखणं ‘मनाचं’ ठरतं. इरिटेबल बाऊल सिंड्रोममध्ये, म्हणजे आयबीएसमध्ये, आतडं वरून धडधाकट दिसतं. बिघडतो तो मेंदूचा आणि आतड्याचा आपसातला संवाद. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात. ताणात मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि एरवी जाणवलाही नसता एवढा वायू कळ आणतो. ती कळ सोंग नव्हे.

उलट, परीक्षेच्या दिवशी दोनदा पळावं लागलं म्हणजे लगेच आयबीएस झाला, असंही नाही. आयबीएसच्या निदानाचे २०१६ चे ‘रोम-४’ निकष सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला त्रास मागतात: गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी, तीही शौच, त्याच्या बदललेल्या वेळा आणि बदललेलं स्वरूप यांपैकी किमान दोहोंशी जोडलेली.

धानाच्या भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना ‘भात सोड’ हा सल्ला हमखास मिळतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या ‘फॉडमॅप’ आहारपद्धतीत मात्र भात चालतो. तीत टाळायच्या, वायू धरणाऱ्या पदार्थांत गहू, कांदा, लसूण आणि बऱ्याच डाळी येतात. मेसच्या ताटात नेमकं तेच असतं! तेही कायमचे सोडायचे नसतात. काही आठवडे टाळून, आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने एकेक परत आणायचे.

शौचातून रक्त, घटणारं वजन, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारा त्रास दिसला, तर मित्राने सुचवलेली गोळी घेऊन भागत नाही, तपासणी हवीच.

आयबीएससाठी डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी लिहिली की मुलं ती पाकिटासकट लपवतात. इंग्लंडमधल्या ‘अटलांटिस’ चाचणीत ४६३ रुग्ण होते. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले: रोज १० ते ३० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्याच औषधाने आयबीएसचा त्रास कमी झाला. नैराश्यासाठी लागणाऱ्या डोसापेक्षा ही मात्रा बरीच कमी आहे.