पूर गेला, खराटा घ्या

२ ऑगस्ट २०१६, दिव्याची अवस. हिनं सकाळीच समया, निरांजनं चिंचेनं घासून पाटावर मांडून ठेवली होती. पावसाला खंड नव्हता. आमचं बिऱ्हाड तेव्हा पंचवटीत, सरदार चौकातून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. गल्लीतलं एक पोरगं घाटावरून धावत आलं आणि ओरडत गेलं, "मारुतीच्या छातीला लागलं!" हिनं पाटावरच्या समया पदरात घेतल्या आणि जिन्याकडे वळत म्हणाली, "अहो, पूजा वरच करू. तुम्ही आधी धान्याचे डबे उचला."

बाहेरगावच्या माणसाला हा निरोप कळणार नाही. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही नाशिकची पूरपट्टी. पाणी मारुतीच्या गुडघ्याला म्हणजे बघ्यांची गर्दी. कमरेला म्हणजे घाटावरच्या टपऱ्या हलवा. छातीला म्हणजे आपलं घर बघा. त्याच्याही वरचं माप म्हणजे १७४७ साली बांधलेल्या नारोशंकर मंदिराची घंटा. चिमाजी अप्पांच्या वसई विजयाची आठवण असलेल्या या घंटेला पाणी लागलं, की तो महापूर. १९६९चा पूर पाहिलेली माणसं अजून या घंटेवरूनच बोलतात.

सरकारी माप वेगळं. गंगापूर धरणातून अमुक इतके क्युसेक विसर्ग, अशी बातमी येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होणं. पण नुसता धरणाचा आकडा ऐकून निर्धास्त राहू नये. धरणाच्या खाली जो पाऊस पडतो तो धरणाला अडवता येत नाही. ओढे-नाले भरून तो थेट नदीत येतो. खुद्द पंचवटीतून वाघाडी वाहते. म्हणून होळकर पुलापाशी किती पाणी आहे तो आकडा वेगळा विचारायचा. घाटावर राहणाऱ्याच्या कामाचा तोच.

आम्ही उंबऱ्यावर वाळूची पोती रचली आणि दाराकडे डोळे लावून बसलो. पाणी आलं मोरीतून. नदी चढली की गटारांची तोंडं बुडतात, आणि गटारातलं पाणी उलटं घराकडे फिरतं. मोरीच्या भोकातून आधी बुडबुडे आले, मग झुरळं, मग काळं पाणी. हिनं जुन्या लुगड्याचा बोळा करून त्यात कोंबला, वर पाटा ठेवला. त्यानं अर्धा तास मिळाला. तेवढ्यात मी मेन स्विच पाडला, दोघांनी मिळून कागदपत्रांची पेटी, गॅसची टाकी आणि गाद्या वर नेल्या. फ्रिज राहिला. माळ्यावर, कोरड्या दोन हातभर जागेत, अवसेचे दिवे लागले. खाली मजघरात पाटा पाण्याखाली दिसेनासा झाला होता.

पहाटे पाणी उतरू लागलं तेव्हा आम्ही दोघंही गाढ झोपेत होतो. समोरच्या वाड्यातल्या आजींनी खिडकीतून हाका मारून उठवलं. "अरे उतरा खाली! गंगा आहे तोवर धुऊन घ्या. ती गेली की परत येते का तुमचं घर धुवायला?" नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.

पूर निस्तरण्याची अख्खी विद्या आजींच्या त्या एका वाक्यात होती. पुराच्या पाण्यात काळी चिकणमाती तरंगत असते. पाणी वाहतं आहे तोवर ती खाली बसत नाही. पाणी थबकलं की बसते. आणि घर म्हणजे पाण्याला थबकायला चांगली चार भिंतींची जागा. म्हणून रस्त्यापेक्षा घरात गाळ जास्त साचतो. ओला असेपर्यंत तो ढवळून उतरत्या पाण्याबरोबर बाहेर लोटता येतो. पाणी गेलं आणि दोन उन्हं लागली, की तीच माती आक्रसते, तडकते आणि फरशीला धरून बसते. शिवाय तेव्हा नळालाही पाणी नसतं.

हिशेब करून पाहा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा इंच गाळ म्हणजे ६० घनफूट. ओल्या गाळाचं वजन धरलं तर पावणेतीन टनांच्या आसपास. घमेल्यात बारा किलो मावतो म्हटलं, तर एका खोलीतून सव्वादोनशे घमेली.

आमची भाची बॉस्टनजवळ राहते. २०१५च्या जानेवारीत तिकडे मोठं हिमवादळ झालं. त्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११० इंचांवर बर्फ पडला. ती आणि जावई आळीपाळीनं फावडं मारत होते. आमच्या पुरानंतर फोनवर म्हणाली, "मामा, तुमचं बरंय, पाणी आपलं आपण जातं." मी म्हटलं, "तुमचा बर्फ वितळतो गं. आमचा गाळ वाळून वीट होतो." आमच्या खोलीत गाळ होता तितकाच ताजा, भुसभुशीत बर्फ भरला तर दीड-दोनशे किलो भरेल. त्यांचंही काम सोपं नाही. पण घाई त्यांनाही आहेच: पडलेला बर्फ तुडवला गेला, रात्री गोठला, की फावडं लागत नाही.

आम्ही उतरलो तेव्हा पाणी पोटरीला होतं. खराटा अंगणात टेकवलेला होता. तो पुरात केव्हाच गेला होता. फावडं सापडेना. शेवटी दिव्यांचा तो पाटच हातात घेतला. ही काठीनं तळ ढवळायची, मी पाट आडवा धरून गढूळ पाणी दाराकडे लोटायचो. हे काम एकट्याचं नाहीच. एकानं ढवळलं आणि दुसऱ्यानं लगेच लोटलं नाही, तर माती पुन्हा खाली बसते. मजघर आणि ओसरी तासाभरात निघाली. मागची खोली मी म्हटलं उद्या बघू. त्या "उद्या"नं आमचे तीन दिवस खाल्ले, आणि हिचे टोमणे अजून चालू आहेत.

धुण्याचाही क्रम आहे. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट सगळ्या खोल्यांचे मोबाइलवर फोटो. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत गाळ ठेवणं परवडत नाही, फोटो ठेवता येतो. मग आतून बाहेर आणि वरून खाली. पायात गमबूट हवेत, कारण गाळात उंदरांचं मूत्र असतं आणि पायाच्या चिरेतून लेप्टोस्पायरोसिस शिरतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराचं आधी सांगावं. फरशी निघाली की ब्लीचिंग पावडर. टाकी उपसून घासल्याशिवाय तिचं पाणी तोंडात घालू नये. वायरमननं बोर्ड उघडून पाहिल्याखेरीज मेन स्विच चढवायचा नाही. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत. स्वच्छ पाण्यात सोडवून सावलीत वाळवावेत. पुराचं पाणी लागलेलं धान्य मात्र टाकायचंच. खालच्या फळीवर विसरलेल्या तांदळाच्या डब्यावरून आमचं भांडण झालं. मी म्हणत होतो, धुऊन वाळवू. हिनं डबा उचलला आणि माझ्यादेखत उकिरड्यावर पालथा केला.

"असा पूर पंचवीस वर्षांत एकदा," असं तेव्हा जो तो म्हणत होता. नदीकाठच्या पूररेषांमुळे हा गैरसमज पक्का होतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. याचा अर्थ निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात चार. आदल्या वर्षी येऊन गेलं म्हणून ती कमी होत नाही. नाशिकनं सप्टेंबर २००८मध्ये पूर पाहिला, २०१६मध्ये पाहिला, आणि तीनच वर्षांनी, ४ ऑगस्ट २०१९ला, पुन्हा पाहिला.

त्या रविवारी मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचं कळलं, तेव्हा आम्ही कोणी काय उचलायचं हे ठरवत बसलो नाही. बोळा मोरीत, मेन स्विच खाली, डबे वर. मी फ्रिजच्या दोऱ्या आवळत होतो, आणि ही जिना चढत होती. एका हातात समया आणि दुसऱ्या हातात खराटा.