वाडा, घुमट आणि चुना

चाकणचे कारखाने ओलांडून नाशिक रस्त्याने पुढे गेलं की राजगुरुनगर, म्हणजे जुनं खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू १९०८ मध्ये जन्मले तो भीमेकाठचा वाडा आज राज्य संरक्षित स्मारक आहे. याच गावात दिलावर खानाची सतराव्या शतकातली घुमटाची कबर आणि मशीद आहे.

वाडा असो की घुमट, जुन्या भिंतीला चुनाच मानवतो. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडतं आणि दगड-विटा आतून झिजतात. डागडुजीला म्हणूनच चुना जाणणारा गवंडी हवा.

२३ मार्चला वाड्यात हार घेऊन जाणाऱ्याने आणि रमजानमध्ये कबरीवर फातेहा पढणाऱ्याने भिंतीकडेही पाहावं. भेग बुजवली, ती कशाने?