बी.एड. करायचं म्हणतेस?

हुडकेश्वरच्या कुठल्याही लेआऊटमध्ये दुपारी बारा-साडेबाराला उभं राहिलं, की कॉन्व्हेंट सुटलेली चिमुकली पोरं दिसतात आणि त्यांच्या मागोमाग घराकडे निघालेल्या त्यांच्या ‘मिस’ही दिसतात. आपल्या विदर्भात नर्सरी-केजीच्या कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणायचं, तिथे नन असोत की नसोत! या मिसपैकी कुणी बी.ए., कुणी बी.कॉम., एखादी एम.ए.सुद्धा. उमरेड, कुही, भिवापूरकडून लग्न होऊन इकडे आलेल्या. हुडकेश्वर २०१३ मध्ये महापालिकेत आलं. त्याच्या आधीपासूनच इथे प्लॉट पडत होते, घरं उठत होती. घर झालं, मुलं शाळेत जायला लागली, मग हीसुद्धा शेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये जायला लागली. पगार कमीच. दोन-चार वर्षांनी तिच्या मनात येतं, आता बी.एड. करून टाकावं. आणि घरातून, शेजारातून पहिला प्रश्न येतो, ‘आता या वयात बी.एड. करून काय करतेस बाप्पा?’

मैत्रिणींनो, वयाचं आधी सांगून टाकते. बी.एड.च्या प्रवेशाला वरच्या वयाची अट नाही. सरकारी भरतीला मात्र असते. सर्वसाधारणपणे खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं. तेव्हा जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यासमोर असेल, तर आपलं वय आणि शिक्षणाची दोन वर्षं यांची बेरीज बोटांवर करूनच पुढे जायचं.

पण प्रवेश कसा मिळेल याच्याही आधी एक प्रश्न येतो, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. तुला कोणत्या वर्गाला शिकवायचं आहे? पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल, तर बी.एड. चालत नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच करून टाकलं. त्यासाठी बारावीनंतरचं डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपण ज्याला अजूनही डी.एड. म्हणतो ते. बी.एड. उपयोगी पडतं सहावीपासून पुढे. सहावी ते आठवीसाठी बी.एड.सोबत टीईटीचा दुसरा पेपर पास व्हावा लागतो. अकरावी-बारावीला त्या विषयाची एम.ए., एम.एस्सी. हवी. आता गंमत बघा, कॉन्व्हेंटमध्ये लहान मुलांना शिकवण्यात रमलेल्या कितीतरी जणी बी.एड.चा फॉर्म भरायला निघतात. ज्या मुलांसाठी त्या हे करतात, त्यांच्या सरकारी वर्गावर हे बी.एड. त्यांना नेणारच नाही!

डी.एड.चं नाव काढलं की घरातले मोठे मान हलवतात, आणि त्यांचं चूक नाही. २००० नंतरच्या दशकात बारावीत चांगले मार्क पडले, की मुलीला डी.एड.ला टाकायचं हे गावोगावी ठरलेलं होतं. कॉलेजांचं पेव फुटलं. कुणी शेत गहाण टाकलं, कुणी बहिणीचं लग्न पुढे ढकललं. मग भरती आटली, २०१२ पासून तर बराच काळ बंदच राहिली. हजारो जणी पदविका कपाटात ठेवून घरी बसल्या. पुढे २०१३ मध्ये राज्यात टीईटी आली, २०१७ मध्ये भरतीसाठी टेट नावाची आणखी एक परीक्षा आली, आणि निवड पवित्र पोर्टलवरून व्हायला लागली. म्हणजे आता पदवी हाती आल्यावरही एक-दोन परीक्षा समोर असतातच. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तर आधीच नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हायला सांगितलं. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांना दोन वर्षांची मुदत दिली. हे सगळं ऐकून घाबरू नका, पण ‘बी.एड. झालं की नोकरी’ असं सांगणाऱ्याला दारातूनच रामराम करा. आणि लागली सरकारी नोकरी, तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार रुपये आहे.

एवढं समजूनही बी.एड.च करायचं ठरलं, तर सीईटी. पदवीला किंवा पदव्युत्तरला ५० टक्के हवेत, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४५. परीक्षा कॉम्प्युटरवर, १०० प्रश्न, दीड तास. त्यात बुद्धिमत्तेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक म्हणून तुमचा कल तपासणारे ३०. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं असेल तर इंग्रजीचा वेगळा पेपर असतो. अर्ज गेली काही वर्षं डिसेंबर-जानेवारीत निघत आले आहेत. क्लास लावायची गरज आहे का? माझं मत विचाराल तर नाही. मुलांची स्कॉलरशिपची पुस्तकं घरात असतील तर बुद्धिमत्तेची तयारी तिथूनच सुरू होते.

खरी परीक्षा असते कागदांची. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि पंधरा वर्षांनी तेच नाव कॉलेजच्या खिडकीशी आडवं येतं. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं, आणि एखादीचं तर पहिलं नावही वेगळं. फॉर्म दहावीच्या मार्कशीटप्रमाणे भरावा आणि नावातल्या बदलाचा पुरावा जवळ ठेवावा, हा सोपा मार्ग. पुरावा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, किंवा राजपत्रात छापून आलेला नावबदल. लग्नाची नोंदच केली नसेल तर आता करून घ्या. लग्न गावी झालं असेल तर ग्रामसेवकाकडे चौकशी करा. जातीचा दाखला लग्नाने बदलत नाही, तो माहेरचाच, वडिलांकडचा. नॉन क्रिमीलेअरलाही आई-वडिलांचं उत्पन्न बघतात, नवऱ्याचं नाही. म्हणजे वडिलांची कागदपत्रं लागणार, आणि त्यासाठी भावाला फोन करावा लागणार. कुणाकुणाला हाच फोन सगळ्यात जड जातो. जात पडताळणीला वेळ लागतो, ती प्रवेशाच्या तोंडावर काढू म्हटलं तर जमत नाही. दिवाळीनंतर लगेच या कामाला लागलं, तर उन्हाळ्यात धावपळ होत नाही.

मग कॉलेजची निवड. यादी ऑनलाइन भरायची असते आणि सायबर कॅफेतला मुलगा जी पटापट भरून देतो ती त्याच्या सोयीची असते. आपण घरून वहीत क्रम लिहूनच जायचं. अंतर बघा. हुडकेश्वरहून अमरावती रोडकडचं कॉलेज म्हणजे शहराचं दुसरं टोक. बस बदलायची, परत यायचं, आणि मुलं चारला घरी. उमरेड-भिवापूरकडून येणाऱ्यांना एसटीचं तिकीट २०२३ पासून अर्ध्यात आहे, पण वेळ काही अर्धा लागत नाही. आपल्या मोठ्या बहिणींनी बी.एड. एका वर्षात केलं असेल. २०१५ पासून ते दोन वर्षांचं आहे. त्यातले वीस आठवडे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवायचं असतं. हजेरी वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या त्या काळात ९० टक्के लागते. पाठ टाचणं, चार्ट, सूक्ष्म अध्यापन हे रात्री मुलं झोपल्यावर होतं. म्हणून घरच्यांशी पैशांच्या आधी वेळेचं बोला. सकाळचा डबा कोण करणार, हे फॉर्म भरण्याआधी ठरलेलं बरं.

याच अडचणीवर काही ठिकाणी ‘नॉन अटेंडिंग’चा उपाय सांगतात. येऊ नका, फक्त परीक्षेला या, फाइली आम्ही बनवून देतो, थोडे पैसे जास्त. ऐकायला गोड लागतं. पण दोन वर्षांत एकही पाठ न घेतलेली बाई नववीच्या साठ पोरांसमोर उभी राहील तेव्हा काय करेल? शिवाय शॉर्टकट अंगाशी येतात. टीईटीच्या २०१९-२० च्या परीक्षेत पैसे देऊन पास झाल्याचं उघड झालं आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. त्यांची प्रमाणपत्रं तर गेलीच, दलालांना दिलेले पैसेही गेले.

पैशांबद्दल एक चांगली बातमी आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी सरकार भरतं. अट ही, की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. थेट व्यवस्थापनाच्या जागेवर घेतला तर हा लाभ नाही. आपल्या बाबतीत काय लागू होतं ते कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या टेबलावर प्रवेशाआधी विचारा, नंतर नाही. मंजूर फीपेक्षा वर काही मागितलं तर पावती मागा. डोनेशन १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. पावती म्हटलं की आवाज बराच खाली येतो.

हुडकेश्वरच्या बाजूने जाणाऱ्या उमरेड रोडशी नातं असलेली एक शिक्षिका मला या निमित्ताने आठवते. जाईबाई चौधरी मूळच्या उमरेडच्या. नागपुरात त्यांनी ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंनी त्यांना महिना चार रुपयांवर शाळेत शिकवायला घेतलं. शिकवणारी बाई महार आहे हे कळताच पालकांनी मुलं काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली. त्यांनी १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी स्वतःचीच शाळा काढली, संत चोखामेळा कन्या शाळा. त्या वेळी शाळेचं दार जातीने बंद केलं होतं. आज ते निदान कागदावर तरी उघडं आहे. म्हणून तर कागद नीट ठेवायचे.

आता एक काम आजच करता येईल. दहावीची मार्कशीट, टीसी, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, जातीचा दाखला, अधिवास आणि लग्नाचा दाखला हे सगळं एका जागी काढून, प्रत्येकावर नाव कसं छापलंय ते वाचा. एका अक्षराचाही फरक असेल तर वहीत लिहून ठेवा. आणि माहेरी ठेवलेल्या पेटीत काय काय राहिलंय, ते आईला विचारून घ्या.