विवराच्या काठावरची यात्रा
लोणार परिसरातील शांत मंदिरे आणि आपल्या घरातील ज्येष्ठ

हिवाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब मोजून झाला, औषधांची चिठ्ठी हाती पडली, की मुलगा किंवा सून दारातून परत वळते आणि विचारते, "डॉक्टर, यंदा आईंना लोणार दाखवावे म्हणतो. नेले तर चालेल ना?" आजी मात्र काही बोलत नाहीत. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत असतात. त्या पाहण्याचा अर्थ मला बत्तीस वर्षांच्या व्यवसायात नीट कळू लागला आहे.

या प्रश्नाला केवळ 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देणे योग्य नाही. कोठे, केव्हा आणि कशा प्रकारे न्यायचे, हे सांगितले पाहिजे. ते सविस्तर सांगण्यासाठीच हा लेख.

सरोवर सर्वांना ठाऊक, मंदिरे थोड्यांना

परभणीहून जिंतूर आणि मंठा या मार्गाने निघाले की साधारण अडीच तासांत आपण बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला पोहोचतो. अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे. 2020 च्या जून महिन्यात त्याचे पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षी रामसर यादीत त्याचा समावेश झाला, तेव्हापासून येथे येणाऱ्यांचा ओघ वाढला. बहुतेक मंडळी काठावर उभी राहून छायाचित्रे काढतात आणि परततात. परंतु या सरोवराच्या काठी, पोटात आणि वाटेवरही जुनी, शांत मंदिरे आहेत. ज्येष्ठांना खरा आनंद तेथेच मिळतो, असा माझा अनुभव आहे.

लोणार गावातील दैत्यसूदन मंदिर हे त्यांतील सर्वांत देखणे. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे हे स्थान. तारकाकृती तलविन्यास, बाहेरील भिंतींवरील शिल्पांच्या रांगा आणि छतावरील कोरीव कथाप्रसंग यांसाठी ते जाणकारांना ठाऊक आहे. विवराच्या काठावर धारतीर्थ आहे. तेथे गोमुखातून बारमाही पाणी पडते. लहान लोणार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबर तळ्याजवळ मोठा मारुती आहे. त्याची मूर्ती उभी नसून आडवी, पहुडलेली आहे. विवराच्या तळाशी, सरोवराच्या काठी कमळजा देवीचे मंदिर असून नवरात्रात तेथे यात्रा भरते.

वाटेत आपल्याच जिल्ह्यातील चारठाणा लागते. जिंतूर तालुक्यातील या गावात यादवकालीन मंदिरे, उंच कोरीव स्तंभ आणि बारव आहे. परभणीत जन्म काढलेल्या कित्येकांनी ते पाहिलेले नाही. गर्दी नाही, रेटारेटी नाही, पायरीवर निवांत बसता येते. वृद्ध माणसाला याहून अधिक काय हवे?

माझ्या घरातील चूक

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो, पण आपल्या उपयोगाची असल्यामुळे सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वीच्या चैत्रात मी वडिलांना घेऊन देवदर्शनाला निघालो होतो. ते तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि मधुमेह होऊन अठरा वर्षे झाली होती. निघण्यापूर्वी मी त्यांची साखर तपासली, रक्तदाब पाहिला, गोळ्यांची डबी भरली. पोहोचायला उशीर झाला. दुपारी एकच्या सुमारास त्यांनी चप्पल काढली आणि तापलेल्या फरशीच्या अंगणातून सावकाश प्रदक्षिणा घातली. आम्ही सारे टाचा उचलत पळत सावलीत गेलो. ते मात्र शांतपणे चालत होते. मला त्यांच्या श्रद्धेचे कौतुक वाटले.

ती श्रद्धा असेलही. परंतु त्यांच्या तळपायांना चटका जाणवतच नव्हता, हे खरे कारण होते. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात. रोज दहा रुग्णांना हे समजावून सांगणाऱ्या मला माझ्या वडिलांच्या बाबतीत ते सुचले नाही. रात्री अंथरुणावरील ओला डाग माझ्या पत्नीला दिसला. दोन्ही तळव्यांना मोठे फोड येऊन फुटले होते. जखम भरायला दहा आठवडे लागले. डाव्या पायाचे बोट जाते की राहते, अशी दोन आठवडे आमची अवस्था होती.

त्यानंतर मी ठरवून टाकले, की वडिलांना आता कोठेही न्यायचे नाही. दोन वर्षे ते घरातच होते. पाय बरा झाला, पण त्यांचे बोलणे कमी झाले, जेवण कमी झाले. एके दिवशी मी ड्रेसिंगची जुनी पेटी आवरत असताना ते म्हणाले, "घरातच बसवायचं होतं, तर पाय वाचवलास कशाला रे?" मला उत्तर देता आले नाही.

वाचकहो, म्हणून माझे सांगणे असे, की ज्येष्ठांना न नेणे हा सुरक्षित पर्याय आहे, असे समजू नका. त्याचीही किंमत असते. ती हळूहळू मोजावी लागते, म्हणून दिसत नाही, इतकेच.

विवरात उतरावे काय?

विवराची खोली सुमारे 137 मीटर आहे. म्हणजे चाळीस मजली इमारत उतरून पुन्हा चढण्यासारखे हे काम आहे. उतरताना भार गुडघ्यांवर येतो आणि चढताना हृदयावर. उतरणे सोपे वाटते, म्हणून माणूस फसतो. परतीची चढण मात्र टाळता येत नाही आणि अर्ध्या वाटेवर वाहन येत नाही.

एक मजला चढताना ज्यांना धाप लागते किंवा छातीत जडपणा येतो, ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका आला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, गेल्या वर्षभरात जे एकदा तरी पडले आहेत, ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांनी विवरात उतरू नये. इतरांनीही आपल्या डॉक्टरांना विचारून, पहाटेच्या गारव्यात, काठी आणि सोबती घेऊनच उतरावे. सरोवराची पाणीपातळी बदलत असते. त्यामुळे कमळजा मंदिरापर्यंतची वाट खुली आहे की नाही, याची चौकशी आधीच करावी.

सरोवराच्या पाण्याविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. ते खारट आणि साबणाच्या पाण्यासारखे क्षारधर्मी आहे. त्वचारोग बरा होतो या समजुतीने ते भेगाळलेल्या पायांना लावू नये, डोळ्यांना लावू नये आणि तीर्थ म्हणून पिऊ तर मुळीच नये. धारतीर्थावर ओल्या दगडांवरून पाय घसरतो. तेथे वृद्धांनी स्नानाचा आग्रह न धरता सोबत्याने ओंजळीत आणलेले पाणी हातांवर घ्यावे.

मंदिरातील तीन धोके

पहिला धोका अंधाराचा. जुन्या मंदिरांचे सभामंडप आणि गाभारे काळोखे असतात. कडक उन्हातून एकदम आत गेले की वृद्ध डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर अधिकच. त्यातच उंबरठे उंच आणि फरशी झिजून गुळगुळीत झालेली असते. दारातच एका बाजूला टेकून मिनिटभर थांबावे, सोबत्याने आधी आत जाऊन मोबाइलचा प्रकाश जमिनीवर धरावा आणि मगच ज्येष्ठांनी पाऊल टाकावे.

दुसरा धोका वर पाहण्याचा. दैत्यसूदनाचे छत पाहण्यासाठी मान मागे टाकली की मणक्याचा त्रास असणाऱ्यांना किंवा ज्यांना अधूनमधून चक्कर येते त्यांना गरगरते. उभ्याने छत पाहू नये. बसून, पाठ टेकून, थोडे थोडे पाहावे. नातवाला मोबाइलवर छायाचित्र काढायला सांगून ते मोठे करून पाहिले, तर शिल्पे अधिक स्पष्ट दिसतात आणि नातवाचीही त्यात गोडी लागते.

तिसरा धोका पायांचा. मधुमेही व्यक्तींनी उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. दर्शन सकाळी दहाच्या आत उरकावे आणि जाड सुती मोजे घालावेत. मोजे घातल्याने देव रागावत नाही, हे घरातील इतरांनीच आधी मान्य करावे. मात्र ओल्या किंवा गुळगुळीत फरशीवर मोजे घसरतात. तेथे हात धरून चालावे. रात्री झोपण्यापूर्वी सोबत्याने दोन्ही तळपाय, टाचा आणि बोटांमधील जागा उजेडात तपासाव्यात. फोड आढळल्यास तो फोडू नये, त्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

निघण्यापूर्वी

प्रवासात वारंवार लघवीला जावे लागेल या भीतीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, पाणी पीत नाहीत आणि लघवीची गोळीही परस्पर बंद करतात. दोन्ही घातक आहे. गोळीची वेळ बदलता येते, पण ती डॉक्टरांनी बदलून द्यावी. वाटेत स्वच्छतागृह कोठे आहे हे सोबत्याने आधी हेरून ठेवावे आणि ज्येष्ठांनी संकोचाने विचारण्यापूर्वीच गाडी थांबवावी.

दर्शन होईपर्यंत उपवास करायचा आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र घ्यायचे, असे करू नये. साखर एकाएकी उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसताच, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. औषधे हातातील पिशवीत असावीत. उन्हात उभ्या गाडीत इन्सुलिन ठेवू नये.

दर तासाला गाडी थांबवून चार पावले चालावीत. उतरताना आधी पाय बाहेर सोडून मिनिटभर बसावे आणि मग उभे राहावे. ज्येष्ठांच्या खिशात नाव, आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. प्रसंग आलाच तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, हे सर्वांना ठाऊक असू द्यावे. घडीची एक खुर्चीही सोबत घ्यावी.

पुन्हा एकदा

मार्गशीर्षात मी वडिलांना घेऊन निघालो. पहाटे निघालो, चारठाण्याला थांबलो. कोवळ्या उन्हात त्या स्तंभापाशी ते बराच वेळ घडीच्या खुर्चीवर बसून होते. नऊच्या सुमारास लोणारला दैत्यसूदनाचे दर्शन मोजे घालून झाले. मग विवराच्या काठावर आलो.

लहानपणी ते आजीचा हात धरून नवरात्रात कमळजेला उतरले होते. आता उतरता येणार नव्हते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. माझी मुलगी उतरली. ती परत येईपर्यंत ते झाडाच्या सावलीत बसून खाली पाहत राहिले आणि देऊळ कोठे आहे, वाट कोठून जाते, त्यांची आजी कोणत्या दगडापाशी दम खात असे, हे मला बोटाने दाखवत राहिले. दोन वर्षांत ते इतके बोलले नव्हते. नातीने आणलेले कुंकू त्यांनी कपाळाला लावले आणि काठावरूनच हात जोडले.

रात्री घरी आल्यावर मी बॅटरी घेऊन त्यांचे तळपाय पाहिले. कोठेही ओरखडा नव्हता. ते हसून म्हणाले, "आता नेमगिरीला कधी नेतोस ते सांग."

तेव्हा दवाखान्याच्या दारातून परत वळून मला विचारणाऱ्या मुलाला आणि सुनेला माझे उत्तर असे आहे: अवश्य न्या. सकाळी न्या, सावकाश न्या. सगळे दाखवण्याचा हट्ट धरू नका; दोन ठिकाणे पुरेत. आणि घरी परतल्यावर, दिवा मालवण्यापूर्वी, त्यांचे पाय एकदा आपल्या हातात घेऊन पाहा.