स्पायडर-मॅनशिवायचे स्पायडर-मॅनपट का आपटले?

सोनीकडे स्पायडर-मॅनच्या चित्रपटांचे हक्क आहेत. त्या जोरावर त्यांनी त्याच्या शत्रूंवर आणि सोबत्यांवर स्वतंत्र सिनेमे काढले. 2018चा ‘व्हेनम’ तुफान चालला. मग 2022मध्ये ‘मॉर्बियस’, 2024मध्ये ‘मॅडम वेब’ आणि ‘क्रेव्हन द हंटर’ आले आणि तिन्ही पडले.

‘मॅडम वेब’चंच बघा. ट्रेलरमध्ये तीन मुली सुपरहिरोंच्या पोशाखात लढताना दिसतात. प्रत्यक्षात ते पोशाख फक्त भविष्याच्या काही झलकांपुरते! सिनेमाभर त्या मुली जीव वाचवत पळत राहतात. म्हणजे खरी गोष्ट पुढच्या भागासाठी राखून ठेवली आणि तो भाग आलाच नाही. खलनायकाचे संवादही इतके वरून डब केलेले, की ओठ आणि आवाज जुळत नाहीत. प्रेक्षकाला हे लगेच कळतं.

‘व्हेनम’ चालला, कारण नायक एडी आणि त्याच्या अंगात शिरलेला परग्रहवासी यांची जुगलबंदी स्वतःच्या बळावर उभी होती. तिथे स्पायडर-मॅनची उणीव भासत नाही. मॉर्बियसला असं स्वतःचं काहीच मिळालं नाही.

हे पडलेले सिनेमे बघायच्या आधी, सोनीचाच ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ पाहिला नसेल, तर तो पाहा. ऑस्कर मिळालाय त्याला!