मोठा पंजा, छोटी मूठ

शस्त्रपरवानाधारकांच्या ओळखीचे रिव्हॉल्व्हर म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचे सहा गोळ्यांचे ०.३२. मोठ्या हाताला त्याची मूठ लहान पडते. मूठ बदलताना हे पाहा :

● करंगळी : ती मुठीखाली लोंबकळत असेल, तर खालून लांब मूठ घ्यावी.

● ट्रिगर : बोटाचे पहिले पेर ट्रिगरवर सहज टेकायला हवे. बोट जास्त आत जात असेल, तर मागची बाजू रबराने झाकणारी मूठ घ्यावी. त्याने अंतर वाढते.

● मधले बोट : ट्रिगरच्या कड्यामागची पोकळी भरलेली असली की झटक्याचा मार बोटाच्या सांध्यावर बसत नाही.

● खाचा : बोटांच्या खाचा मध्यम हाताच्या मापाने पाडलेल्या असतात. जाड बोटे नेमकी उंचवट्यावर येतात. सपाट मूठ बरी.

● रबर की लाकूड : घामट हाताला रबर धरते, पण कपड्यात अडकते. लाकूड घासून हाताजोगे करता येते.

● सिलिंडर : ते डावीकडे बाहेर येणारे असेल, तर रिकामी काडतुसे काढताना मुठीची डावी बाजू आड येऊ नये.

मूठ त्याच मॉडेलच्या सांगाड्याची हवी. दुसऱ्या मॉडेलची मूठ ‘थोडे तासून बसेल’, हे चालत नाही. शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, म्हणून काम अशाच दुकानात द्यावे. तत्पूर्वी सहाही घरे रिकामी आहेत ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे.