काटेरी रानासाठी पादत्राणांची निवड

बैल विकत घेताना आपण त्याचे खूर पाहतो. नखी फुटलेली नाही ना, चालताना पाय चोरत नाही ना, याची खात्री करतो. कामाला जुंपण्यापूर्वी त्याला पत्र्या मारून घेतो. स्वतःच्या पायांचा मात्र एवढा विचार करत नाही. आठवडी बाजारात जी चप्पल सर्वांत स्वस्त मिळेल ती घेतो आणि तीच पायात घालून बाभळीच्या बांधावरून, सराट्याच्या पडीक रानातून व दगडगोट्यांच्या माळावरून वर्षभर चालतो.

काही वर्षांपूर्वी चाऱ्याच्या गवतांची पाहणी करण्यासाठी मी एका माळावर गेलो होतो. पायात शहरात घेतलेले कापडी बूट होते. अर्ध्या तासात बाभळीचा काटा तळ भेदून टाचेत शिरला आणि टोक आतच मोडले. पुढे पंधरा दिवस नीट चालता आले नाही व ऐन पेरणीच्या दिवसांतील काम दुसऱ्यावर सोपवावे लागले. त्या दिवशी सोबत असलेल्या मेंढपाळाने आपली वहाण उलटी करून दाखवली. तिच्या तळात मोडलेल्या काट्यांची डझनभर टोके होती, पण एकही आरपार गेलेले नव्हते. बूट वरून न बघता खालून बघावा, हे मी त्याच्याकडून शिकलो.

पूर्वी अशा माळावर ससे-तितरांच्या शिकारीसाठी लोक दिवसभर पायी फिरत. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज अशी शिकार हा गुन्हा आहे. परंतु मेंढ्या-शेळ्या राखणारे, रानडुकरांपासून पिकाची राखण करणारे, सरपण व चारा आणणारे आणि रात्रपाळीच्या विजेवर पाणी देणारे आपण सारे त्याच रानातून चालतो. म्हणून पादत्राण हेही शेतीचे एक अवजारच समजावे.

कोणता काटा कोठे लागतो?

पादत्राण निवडण्यापूर्वी आपल्या रानातील काट्यांची ओळख करून घ्यावी. सर्व काटे सारखे नसतात व एकाच उपायाने सर्वांपासून रक्षण होत नाही.

१) बाभूळ, हिवर व वेडी बाभूळ : यांचे काटे सरळ, कडक व टोकदार असतात. कोवळ्या झाडांवर आणि तोडीनंतर फुटलेल्या फांद्यांवर बाभळीचा काटा दोन इंचांपर्यंत किंवा त्याहूनही लांब असतो. जुन्या झाडावर काटे कमी व आखूड असतात. छाटलेल्या फांद्या बांधावर वाळल्या की काटे अधिक कडक होतात. यांचा धोका मुख्यतः तळव्याला असतो.

२) बोर व खैर : खैराचे काटे आखूड व आकड्यासारखे असतात. बोरीच्या जोडीतील एक काटा बहुधा सरळ व दुसरा वाकडा असतो. हे काटे तळ भेदण्यापेक्षा घोटा, पोटरी व कपडे ओरबाडतात.

३) सराटा : हे जमिनीलगत पसरणारे तण आहे. त्याचे फळ पिकल्यावर पाच भागांत फुटते आणि प्रत्येक भागावर कडक काटे असतात. ते आखूड असले तरी मऊ स्पंजाच्या चपलेत रुतून बसतात व चालता चालता आत सरकतात.

४) कुसळी गवत : याची कुसळे मोजे व कापडी बुटांतून वळत वळत आत शिरतात. मोजा जितका सैल विणीचा, तितका त्रास अधिक.

५) घायपात व निवडुंग : घायपाताच्या पानाच्या टोकाचा काटा नडगी व गुडघ्याच्या उंचीवर लागतो. येथे बुटापेक्षा जाड कापडाची विजार अधिक उपयोगी पडते.

काट्याची जखम साधी समजू नये

काट्याची जखम वरून लहान, पण आत खोल असते. तिच्यात माती व शेणाचे कण जातात आणि हवा पोहोचत नाही. धनुर्वाताच्या जंतूंना अशी जागा फार मानवते. धनुर्वातप्रतिबंधक लसीची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यावी. जखम खोल व मळलेली असेल आणि शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षांपेक्षा अधिक काळ झाला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा घ्यावी.

दुसरा आजार ‘मदुरा फूट’ या नावाने ओळखला जातो. मातीतील बुरशी किंवा जंतू काट्याबरोबर पायात शिरतात. तेथे हळूहळू गाठ येते, छिद्रे पडतात व त्यांतून बारीक दाणे बाहेर येतात. सुरुवातीला दुखत नसल्याने रुग्ण वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतो व रोग हाडापर्यंत जातो. अनवाणी काम करणाऱ्यांत हा रोग अधिक आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याचा समावेश केला.

मधुमेह असलेल्या शेतकऱ्यांनी विशेष जपावे. बऱ्याच दिवसांच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते. अशा व्यक्तींनी घरातही अनवाणी चालू नये. त्यांच्यासाठी एम.सी.आर. रबराचा मऊ थर असलेली पादत्राणे मिळतात. परंतु तो थर पायाला आराम देतो, काटा अडवत नाही. त्याखाली कडक तळ असलाच पाहिजे.

पादत्राणांचे प्रकार व त्यांची उपयुक्तता

स्पंजाची चप्पल : घर व अंगण यांपलीकडे वापरू नये. तळ मऊ असल्याने बाभळीचा काटा सहज आरपार जातो. उतारावर पाय पुढे घसरून पट्टा तुटतो.

चामडी वहाणा : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागांतील चामडी वहाणा वनस्पतिजन्य सालींनी कमावलेल्या चामड्याच्या असतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शोभेची पातळ चप्पल व रानात वापरायची जाड, अनेक थरांची वहाण यांतील फरक मात्र ध्यानात घ्यावा. जाड वहाण कोरड्या माळावर उत्तम काम देते. ओल्या रानात चामडे पाणी शोषते, मऊ पडते व काट्याला वाट देते.

टायरच्या तळाची चप्पल : ट्रकच्या जुन्या टायरमध्ये रबराबरोबर नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात. त्यामुळे काटा अडतो. तळ वर्षानुवर्षे झिजत नाही व खर्चही कमी येतो. घेताना टायरमध्ये लोखंडी तारा नाहीत ना, हे पाहावे. झिजल्यावर त्या वर येऊन पायाला टोचतात. गुळगुळीत झालेल्या टायरचा तळ चिखलात घसरतो. पाय मात्र बाजूंनी उघडाच राहतो.

कापडी व रबरी तळाचे उंच बूट : हे वजनाने हलके, लवकर वाळणारे व चढावर सोयीचे असतात. तळ जाड व खोल खाचांचा असल्यासच घ्यावेत. कापडातून काटा व कुसळ शिरू शकते.

घोट्यावर येणारे चामडी बूट : काटे, दगड व चढउतार एकत्र असलेल्या रानासाठी हा प्रकार सर्वांत योग्य होय. घोट्याला आधार मिळाल्याने पाय मुरगळण्याचा संभव कमी होतो. कारखान्यांतील कामगारांसाठी बनणाऱ्या सुरक्षा बुटांपैकी काहींच्या तळात खिळारोधक पत्रा किंवा तसाच थर असतो. भारतीय मानक आय.एस. १५२९८ चे चिन्ह पाहावे व तळात असा थर आहे का, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे, कारण प्रत्येक सुरक्षा बुटात तो नसतो. पुढील टोपीत पोलाद असलेला बूट मात्र जड असतो. दिवसभर मेंढ्यांमागे चालणाऱ्याने तो विचारपूर्वक घ्यावा.

गमबूट : भातखाचरे, उसाला पाणी देणे व रात्रीची कामे यांसाठी गमबूट उत्तम. चिखलात राहणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूंपासून व अंकुशकृमींपासूनही ते पायाचे रक्षण करतात. मात्र त्यांत घाम फार येतो व लांब चालल्यास पाय सोलतात. उन्हाळी माळावर दिवसभर वापरण्यास ते योग्य नाहीत.

खरेदी करताना घ्यावयाची काळजी

१) खरेदी सायंकाळी करावी. दिवसभर चालून पाय थोडा सुजतो. सकाळी बेताचा बसलेला बूट सायंकाळी आवळतो.

२) रानात जे मोजे वापरणार तेच घालून बूट पाहावा. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, म्हणून मोठ्या पायाचे माप धरावे.

३) बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. उतारावरून चालल्यासारखे करून पाहावे. बोटे पुढे आदळत असल्यास बूट घेऊ नये. चालताना टाच उचलली जात असल्यासही घेऊ नये, कारण तेथे फोड येणार हे निश्चित.

४) तळ अंगठ्याने जोरात दाबून पाहावा. तो सहज दबत असेल तर काटाही सहज शिरेल. बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मधोमध वाकू नये.

५) तळ नुसता चिकटवलेला आहे की शिवलेलाही आहे, हे पाहावे. चिकटवलेला तळ उन्हात व पाण्यात लवकर सुटतो.

६) घरातील स्त्रियांसाठीही बूट घ्यावेत. खुरपणी, वेचणी व सरपणाची कामे त्याच करतात, आणि अनेक घरांत अनवाणीही त्याच असतात. पुरुषाचा जुना जोड त्यांना देणे योग्य नव्हे. सैल बुटाने पाय मुरगळतो.

नवा जोड आणून दुसऱ्याच दिवशी लांब चालू नये. पहिले आठ-दहा दिवस रोज तास-दोन तास घालून तो पायाला रुळू द्यावा.

साप व विंचू यांपासून संरक्षण

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८ हजार मृत्यू झाले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील आहेत आणि दंश मुख्यतः पायालाच होतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. फुरसे दगडाळ माळावर राहते व आकाराने लहान असते, त्यामुळे त्याचा दंश बहुधा पाऊल व घोट्याजवळ होतो. तेथे घोट्यावर येणारा जाड बूट फार उपयोगी पडतो. घोणस याहून मोठी असून तिचे विषदंत लांब असतात. तिच्यासाठी गुडघ्याजवळ येणारा गमबूट व त्यावरून सैल, जाड विजार अधिक सुरक्षित. कोणत्याही बुटाने पूर्ण हमी मिळत नाही. हातात विजेरी व काठी असावी आणि पाय पडणार ती जागा आधी पाहावी.

दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. रुग्णास धीर द्यावा, बूट काढावा, पाय हलू न देता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही.

बूट पायात घालण्यापूर्वी उलटा करून आपटावा. अंधाऱ्या, उबदार बुटात विंचू बसतो. लाल विंचवाच्या विषाचा हृदयावर परिणाम होतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून अनेकांचे प्राण वाचले. तरीही उपचार वेळेवर मिळणे आवश्यक आहे.

पादत्राणांची निगा

ओले चामडी बूट चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नयेत, चामडे तडकते. आत कागदाचे बोळे घालून सावलीत वाळवावेत. महिन्यातून एकदा थोडे एरंडेल चोळावे. दररोज सायंकाळी तळ तपासून रुतलेले काटे चिमट्याने काढावेत. आज अडलेला काटा उद्या पावलागणिक आत सरकतो. तळाच्या खाचा झिजल्या की चांभाराकडून नवा तळ बसवून घ्यावा.

रानाचीही काळजी घ्या

बूट हा अर्धा उपाय आहे, उरलेला अर्धा रानातच करावयाचा आहे. कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या पायवाटेपासून दूर रचाव्यात. सराटा फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट उपटावा. फळे धरल्यानंतर उपटल्यास ती गोळा करून जाळावीत, कारण त्याचे बी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. मोटारीच्या घरापर्यंतची वाट व पाण्याच्या दारांजवळची जागा पावसाळ्यात गवत कापून मोकळी ठेवावी. रात्री सर्वाधिक पाय तेथेच पडतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, चांगला जोड महाग वाटतो. परंतु काटा चिघळून पेरणीत किंवा काढणीत आठ दिवस घरी बसावे लागले, तर बुडालेली मजुरी व दवाखान्याचा खर्च यांचा हिशेब मांडून पाहा. पुढील बाजाराला बियाणे व खतांच्या यादीत घरातील प्रत्येकासाठी एक जोड मजबूत पादत्राणे अवश्य लिहा. आणि दुकानात गेल्यावर तो जोड आधी उलटा करून पाहा.